क्लास हेच आर्ग्युमेंट: डिपेंडन्सी इंजेक्शनच्या कॉन्फिगरेशनमध्ये टाइप कसा द्यावा

डिपेंडन्सी इंजेक्शन कंटेनरकडून एखादे ऑब्जेक्ट घडवून घेताना त्याच्या कन्स्ट्रक्टरला तीन तऱ्हेच्या गोष्टी पुरवाव्या लागतात. पहिली म्हणजे आधी घडवलेली दुसरी ऑब्जेक्ट्स. दुसरी म्हणजे संख्या, मजकूर, कालावधी यांसारखी साधी मूल्ये. तिसरी गोष्ट क्वचित लागते, पण लागते तेव्हा गोंधळ उडवते. ती म्हणजे एखादा क्लास. त्या क्लासचे ऑब्जेक्ट नव्हे, तर क्लास स्वतः.

हा तिसरा प्रकार किरकोळ वाटतो. तथापि येथे झालेली चूक कंपायलरला दिसत नाही, चाचण्यांतून अनेकदा निसटते आणि प्रणाली प्रत्यक्ष चालू झाल्यावर अनपेक्षित ठिकाणी प्रकट होते. २०२२ आणि २०२३ मध्ये उघडकीस आलेल्या दोन गंभीर सुरक्षा-त्रुटींचे मूळही याच प्रश्नात होते: बाहेरून आलेल्या नावावरून क्लास शोधायचा, तर तो कोणता असावा हे कोणी तपासायचे? बँका, विमा, आरोग्यसेवा अशा क्षेत्रांतील जुन्या आणि नव्या प्रणाली एकाच वेळी सांभाळणाऱ्या वाचकांना उपयोगी पडावी, अशी या विषयाची मांडणी पुढे केली आहे.

टाइप: पत्ता आणि माल

'डिपेंडन्सी इंजेक्शन' ही संज्ञा मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधील लेखामुळे रूढ झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये स्प्रिंगची १.० आवृत्ती आली. मूळ कल्पना साधी आहे: क्लासने आपले सहकारी स्वतः निर्माण करू नयेत, ते बाहेरून, शक्यतो कन्स्ट्रक्टरमधून, त्याच्या हाती यावेत. कोणाला काय द्यायचे हे कंटेनर ठरवतो आणि त्यासाठी त्याचा मुख्य आधार असतो टाइपचा. कन्स्ट्रक्टरला 'पेमेंटसेवा' हवी असे दिसले की कंटेनर त्या टाइपची नोंद शोधतो, तिच्याप्रमाणे ऑब्जेक्ट घडवतो आणि पुढे करतो. कंटेनरच्या दृष्टीने टाइप हा पत्ता असतो.

परंतु जावा, सी शार्प, पायथन, टाइपस्क्रिप्ट अशा भाषांत क्लास हे एक मूल्यही असते. जावामध्ये 'ऑर्डर.क्लास' किंवा सी शार्पमध्ये 'टाइपऑफ(ऑर्डर)' असे लिहिले की क्लासचे वर्णन करणारे एक ऑब्जेक्ट हाती येते. ते व्हेरिएबलमध्ये ठेवता येते, यादीत घालता येते आणि अर्थातच कन्स्ट्रक्टरला देताही येते. येथे टाइप हा पत्ता राहत नाही, तो माल होतो.

पाकिटावर लिहिलेला पत्ता आणि पाकिटाच्या आत घातलेली, कुणाचा तरी पत्ता लिहिलेली चिठ्ठी, यांतील अक्षरे तीच असू शकतात. पोस्टमनने पहिला वाचायचा असतो आणि दुसरी न वाचता पोहोचवायची असते. या लेखातील बहुतेक अडचणी कंटेनरने आतली चिठ्ठी पत्ता म्हणून वाचल्यामुळे, किंवा चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते कोणीच न तपासल्यामुळे उद्भवतात.

पुढील विवेचनासाठी एक उदाहरण धरू. 'संदेशवाचक' नावाचा क्लास रांगेतून आलेला जेसन मजकूर वाचतो आणि त्यातून ऑब्जेक्ट बनवतो. कोणत्या क्लासचे ऑब्जेक्ट बनवायचे हे त्याला कन्स्ट्रक्टरमधून सांगावे लागते. एका रांगेसाठी तो क्लास 'ऑर्डर' असेल, दुसऱ्या रांगेसाठी 'परतावा'. कन्स्ट्रक्टरला येथे एखादी ठरावीक ऑर्डर नको आहे. 'ऑर्डर म्हणजे काय' एवढेच त्याला कळायला हवे आहे.

अशी गरज का पडते

जावामध्ये या गरजेचे मोठे कारण भाषेच्या घडणीत आहे. २००४ साली जावा ५ बरोबर जेनेरिक्स आले, पण जुन्या कोडशी सुसंगती राखण्यासाठी टाइप-पॅरामीटरची माहिती कंपाइल होताना पुसली जाते. 'संदेशवाचक' हा 'टी' या टाइपवर जेनेरिक असला, तरी चालू प्रोग्राममध्ये त्या ऑब्जेक्टला आपला 'टी' कोण हे ठाऊक नसते. म्हणून क्लास वेगळा हाती द्यावा लागतो. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतील 'एनममॅप'चा कन्स्ट्रक्टर किल्लीच्या टाइपचा क्लास मागतो, तो याच कारणाने. स्प्रिंग डेटामधील 'सिम्पलजेपीएरिपॉझिटरी'चा एक कन्स्ट्रक्टर डोमेन क्लास आणि एन्टिटी मॅनेजर अशी दोन आर्ग्युमेंट्स घेतो.

डॉट नेटमध्ये जेनेरिक्सची माहिती चालू प्रोग्राममध्येही टिकते, त्यामुळे तेथे ही गरज तुलनेने कमी. तरीही टाइप कॉन्फिगरेशन फाइलमधून ठरायचा असेल, प्लगइन बाहेरून येणार असतील, किंवा एकाच यादीत अनेक टाइपांची नोंद ठेवायची असेल, तर तेथेही 'सिस्टिम.टाइप' हेच आर्ग्युमेंट द्यावे लागते.

स्प्रिंगमध्ये: स्ट्रिंगपासून क्लासपर्यंत

स्प्रिंगच्या एक्सएमएल कॉन्फिगरेशनमध्ये कन्स्ट्रक्टरचे आर्ग्युमेंट 'कन्स्ट्रक्टर-आर्ग' या घटकाने देतात. त्याला दोन प्रमुख गुणधर्म आहेत. 'रेफ' म्हणजे दुसऱ्या बीनचा संदर्भ आणि 'व्हॅल्यू' म्हणजे मूल्य. क्लास द्यायचा असेल तर 'व्हॅल्यू' वापरून त्यात पॅकेजसह क्लासचे पूर्ण नाव लिहायचे. कन्स्ट्रक्टरचा पॅरामीटर 'क्लास' या टाइपचा आहे हे पाहून स्प्रिंग त्या स्ट्रिंगचे रूपांतर स्वतः करतो. त्यासाठी 'क्लासएडिटर' नावाचा प्रॉपर्टी एडिटर मुळातच नोंदवलेला असतो. वेगळी जुळवणी करावी लागत नाही. अनेक क्लास द्यायचे असतील तर 'क्लासॲरेएडिटर' स्वल्पविरामांनी विभागलेल्या नावांची यादी स्वीकारतो.

येथे नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे 'रेफ'मध्ये क्लासचे नाव लिहिणे. मग स्प्रिंग त्या नावाचे बीन शोधू लागतो आणि 'असे बीन नाही' म्हणून थांबतो. ही चूक निदान लगेच कळते. पुढच्या तीन बाबी अधिक सूक्ष्म आहेत.

पहिली बाब संदिग्धतेची. 'संदेशवाचक'ला एकेका आर्ग्युमेंटचे दोन कन्स्ट्रक्टर असतील, एक स्ट्रिंग घेणारा आणि एक क्लास घेणारा, तर फाइलमधील मजकूर दोन्हींना चालण्याजोगा असतो आणि कंटेनर स्ट्रिंगवाला कन्स्ट्रक्टर निवडू शकतो. अशा वेळी 'टाइप' गुणधर्मात 'जावा.लँग.क्लास' असे स्पष्ट लिहावे. आर्ग्युमेंट्स अनेक असतील तर शून्यापासून मोजला जाणारा 'इंडेक्स' किंवा पॅरामीटरचे 'नेम' देणे हितावह.

दुसरी बाब रिकाम्या मूल्याची. 'क्लासएडिटर'ला रिकामी स्ट्रिंग मिळाली तर तो तक्रार करत नाही, 'नल' देतो. क्लासचे नाव प्रॉपर्टी फाइलमधून येत असेल आणि एखाद्या सर्व्हरवर ती ओळ कोरी राहिली, तर 'संदेशवाचक' नल घेऊन निर्वेध जन्माला येतो आणि पहिला संदेश येईपर्यंत सारे आलबेल दिसते. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्येच नलची तपासणी हवी.

तिसरी बाब नावाच्या लेखनाची. जावाच्या रनटाइममध्ये क्लासच्या पोटातील क्लासचे नाव डॉलर चिन्हाने जोडलेले असते, तर सोर्स कोडमध्ये टिंबाने. स्प्रिंगची स्वतःची उपयोगिता दोन्ही रूपे ओळखते, पण 'क्लास.फॉरनेम' ही जावाची मूळ मेथड केवळ डॉलरचे रूप ओळखते. एकच प्रॉपर्टी दोन ठिकाणी वाचली जात असेल तर डॉलरचे रूप वापरणे सुरक्षित.

एक्सएमएलऐवजी स्प्रिंगची एक्स्प्रेशन भाषा वापरली, तर 'टी' या अक्षरानंतर कंसात क्लासचे नाव लिहून क्लास मिळवता येतो. जावा कॉन्फिगरेशनमध्ये तर प्रश्नच सुटतो: बीन घडवणाऱ्या मेथडमध्ये थेट 'न्यू संदेशवाचक(ऑर्डर.क्लास)' असे लिहायचे. नाव बदलले तर कंपायलर ओरडतो आणि संपादकही नाव सगळीकडे बदलतो. क्लास कोणता हे कोड लिहितानाच ठरलेले असेल, तर ही पद्धत निर्विवाद श्रेष्ठ आहे.

येथे स्प्रिंगच्या दस्तऐवजातील एक मर्यादा नोंदवण्यासारखी आहे. एक्सएमएलमधील ऑटोवायर पद्धतीने प्राथमिक मूल्ये, स्ट्रिंग आणि क्लास आपोआप जोडले जात नाहीत आणि हे हेतुपुरस्सर आहे. कारण उघड आहे. 'मला एक पेमेंटसेवा हवी' या मागणीला अर्थ आहे. 'मला कोणता तरी एक क्लास हवा' या मागणीला नाही. क्लास हे मूल्य असल्यामुळे ते कोणीतरी नेमके सांगावेच लागते.

डॉट नेटमध्ये: एकच अक्षर, भिन्न अर्थ

पत्ता आणि चिठ्ठी यांची सरमिसळ सर्वांत स्पष्ट दिसते ती मायक्रोसॉफ्टच्या 'पॅटर्न्स अँड प्रॅक्टिसेस' गटाने तयार केलेल्या युनिटी कंटेनरमध्ये. तेथे नोंदणी करताना 'इंजेक्शनकन्स्ट्रक्टर'ला आर्ग्युमेंट्सची मूल्ये देतात. संख्या दिली की संख्या पोहोचते, स्ट्रिंग दिली की स्ट्रिंग पोहोचते. पण 'टाइपऑफ(ऑर्डर)' दिले की युनिटी त्याचा अर्थ 'ऑर्डर या टाइपचे ऑब्जेक्ट घडवून येथे दे' असा घेतो. 'संदेशवाचक'ला हवा असतो टाइप आणि युनिटी शोधू लागतो ऑर्डर घेणारा कन्स्ट्रक्टर. तो सापडत नाही आणि नोंदणी फसते. त्रुटीचा संदेश कन्स्ट्रक्टर जुळत नसल्याचे सांगतो, खरे कारण मात्र सांगत नाही.

यावर उपाय म्हणजे मूल्याला वेष्टन घालणे. 'इंजेक्शनपॅरामीटर'च्या जेनेरिक रूपात पॅरामीटरचा टाइप 'टाइप' असा सांगायचा आणि मूल्य म्हणून 'टाइपऑफ(ऑर्डर)' द्यायचे. मग युनिटी ते न उघडता पुढे करतो. एक्सएमएलमधून तेच करायचे असेल, तर 'व्हॅल्यू' घटकाला स्ट्रिंगपासून टाइप बनवणारा टाइप-कन्व्हर्टर नेमून द्यावा लागतो.

कॅसल विंडसरने हाच भेद शब्दांतच उघड केला आहे. 'डिपेंडन्सी.ऑनकंपोनंट' म्हणजे कंटेनरने घडवलेले ऑब्जेक्ट आणि 'डिपेंडन्सी.ऑनव्हॅल्यू' म्हणजे दिलेले मूल्य जसेच्या तसे. दोन्हींना टाइप देता येतो, पण वाचणाऱ्याला हेतू त्वरित कळतो. ऑटोफॅकमध्ये 'विथपॅरामीटर'ला पॅरामीटरचे नाव आणि मूल्य दिले की मूल्य तसेच पोहोचते. नावाऐवजी टाइपवरून जुळवायचे असल्यास 'टाइप्डपॅरामीटर' आहे. स्प्रिंग डॉट नेट आपल्या जावा भावंडाप्रमाणेच स्ट्रिंगचे टाइपमध्ये रूपांतर स्वतः करतो.

आजच्या डॉट नेटमधील अंगभूत कंटेनरने वेगळा मार्ग धरला. कन्स्ट्रक्टरची आर्ग्युमेंट्स कॉन्फिगरेशनमध्ये एकेक नोंदवण्याची सोयच त्यात नाही. त्याऐवजी फॅक्टरी-फंक्शन द्यायचे, ज्यात आपण स्वतः 'न्यू संदेशवाचक(टाइपऑफ(ऑर्डर))' लिहितो. त्यामुळे संदिग्धता उरत नाही. शिवाय टाइप हा आर्ग्युमेंट म्हणून देण्याऐवजी टाइप-पॅरामीटर म्हणून देण्याची परंपरा तेथे रुजली. लॉग लिहिणाऱ्या 'आयलॉगर'चे उदाहरण सर्वपरिचित आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये 'ऑर्डरसेवेचा आयलॉगर' असा जेनेरिक टाइप मागितला की लॉगच्या वर्गाचे नाव आपोआप ठरते. जेथे भाषा साथ देते तेथे ही पद्धत अधिक स्वच्छ.

फाइलमधून टाइपचे नाव वाचायचे असेल, तर डॉट नेटमध्ये दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'टाइप.गेटटाइप' या मेथडला असेंब्लीचे नाव न देता केवळ टाइपचे नाव दिले, तर ती बोलावणाऱ्या असेंब्लीत आणि मूळ सिस्टिम असेंब्लीतच शोधते. टाइप दुसऱ्या असेंब्लीत असेल तर स्वल्पविरामानंतर असेंब्लीचे नाव हवे. दुसरे म्हणजे टाइप सापडला नाही तर ही मेथड सामान्यतः अपवाद फेकत नाही, नल परत करते. अपवाद हवा असल्यास तसे वेगळे सांगावे लागते आणि कॉन्फिगरेशनच्या कामात तो हवाच असतो.

इतरत्र हाच भेद

गूगलच्या गाइसमध्ये कंटेनरची किल्ली जेनेरिक टाइपसह बनते. त्यामुळे 'ऑर्डरचा क्लास' आणि 'परताव्याचा क्लास' या दोन स्वतंत्र किल्ल्या होऊ शकतात. त्यासाठी 'टाइपलिटरल' वापरून पूर्ण जेनेरिक टाइप सांगायचा आणि 'टूइन्स्टन्स'ने प्रत्यक्ष क्लास जोडायचा. जावाने पुसलेली माहिती येथे एका युक्तीने परत मिळवलेली असते.

अँग्युलरमध्ये भेद एका शब्दाचा आहे. प्रोव्हायडरमध्ये 'यूजक्लास' लिहिले तर कंटेनर त्या क्लासचे ऑब्जेक्ट घडवतो. 'यूजव्हॅल्यू' लिहून तोच क्लास दिला तर क्लास स्वतः पोहोचतो. टाइपस्क्रिप्टमधील इंटरफेस चालू प्रोग्राममध्ये अस्तित्वातच नसतात, म्हणून अशा मूल्यासाठी पत्ता म्हणून 'इंजेक्शनटोकन' बनवावे लागते.

पीएचपीच्या सिम्फनीमध्ये यामल फाइलीत ॲट चिन्हाने सुरू होणारे आर्ग्युमेंट म्हणजे दुसरी सेवा, आणि चिन्हाविना लिहिलेले क्लासचे नाव म्हणजे निव्वळ स्ट्रिंग. पीएचपीमध्ये 'ऑर्डर' या नावापुढे दोन विसर्गचिन्हे आणि 'क्लास' हा शब्द लिहून मिळते तीही स्ट्रिंगच. तो क्लास खरोखर अस्तित्वात आहे की नाही, हे त्या वेळी तपासले जात नाही.

कंपायलर जेथे थांबतो

चिठ्ठी योग्य हाती पोहोचली, तरी तिच्यावर योग्य तेच लिहिले आहे का, हा प्रश्न उरतो. जावामध्ये 'संदेशवाचक'च्या कन्स्ट्रक्टरने 'संदेशाचा वारस असलेला कोणताही क्लास' असे बंधन घातले, तर सोर्स कोडमधून चुकीचा क्लास देता येत नाही. पण कंटेनर कन्स्ट्रक्टरला रिफ्लेक्शनने बोलावतो आणि तेव्हा ते बंधन पुसलेले असते. एक्सएमएलमध्ये 'ऑर्डर'ऐवजी चुकून 'ऑर्डरसेवा' लिहिले, तर 'क्लासएडिटर' तो क्लास शोधतो, सापडतो म्हणून देतो, ऑब्जेक्ट घडते आणि प्रणाली सुरू होते. चूक उघड होते ती नंतर, भलत्याच ओळीवर आलेल्या 'क्लासकास्टएक्सेप्शन'ने.

उपाय एका ओळीचा आहे, मात्र तो कन्स्ट्रक्टरमध्ये असायला हवा. जावामध्ये आलेल्या क्लासवर 'ॲजसबक्लास' ही मेथड बोलावून 'संदेश.क्लास' द्यायचा, नाते जुळत नसेल तर ती तत्काळ अपवाद फेकते. डॉट नेटमध्ये 'टाइपऑफ(संदेश)'वर 'इजअसाइनेबलफ्रॉम' बोलावून आलेला टाइप द्यायचा. या मेथडची दिशा अनेकांना चकवते: डावीकडे मूळ, कंसात वारस. पीएचपीमध्ये 'इज-ए' या फंक्शनला तिसरे आर्ग्युमेंट 'ट्रू' दिले की ते स्ट्रिंगरूपातील क्लासचेही नाते तपासते.

जावाच्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर आणखी एक शक्यता असते. एकच नाव दोन वेगवेगळ्या क्लासलोडरनी वाचले, तर ते दोन भिन्न क्लास ठरतात. 'ऑर्डर'चे रूपांतर 'ऑर्डर'मध्ये होत नाही असा चक्रावणारा संदेश दिसला, तर नाव न तपासता क्लासलोडर तपासावा.

सुरक्षेचा प्रश्न

आतापर्यंत क्लासचे नाव आपल्याच फाइलमध्ये, आपल्याच हाताने लिहिलेले धरले होते. तेच नाव बाहेरून येऊ लागले की चुकीचे स्वरूप पालटते.

पोस्टग्रेएसक्यूएलच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये काही क्लासची नावे कनेक्शनच्या प्रॉपर्टींतून देता येतात. उदाहरणार्थ, सॉकेट बनवणारी फॅक्टरी कोणती वापरावी आणि तिच्या कन्स्ट्रक्टरला कोणती स्ट्रिंग द्यावी हे 'सॉकेटफॅक्टरी' आणि 'सॉकेटफॅक्टरीआर्ग' सांगतात. ड्रायव्हर दिलेल्या नावाचा क्लास घडवत असे, पण तो खरोखर सॉकेट फॅक्टरी आहे का हे आधी तपासत नसे. कनेक्शनचा पत्ता ज्याच्या नियंत्रणात असेल, त्याला अशा रीतीने सर्व्हरवर कोणताही सोयीस्कर क्लास घडवता येई. सीव्हीई-२०२२-२१७२४ या क्रमांकाने ही त्रुटी जाहीर झाली आणि ४२.२.२५ व ४२.३.२ या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. दुरुस्तीचा गाभा होता वर उल्लेखिलेले 'ॲजसबक्लास'.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अपाचे ॲक्टिव्हएमक्यूमध्ये उघड झालेली सीव्हीई-२०२३-४६६०४ ही त्रुटी याहून भयंकर ठरली, कारण तेथे लॉगिनचीही गरज नव्हती. ॲक्टिव्हएमक्यूच्या ओपनवायर या संवादभाषेत दूरच्या टोकाला घडलेला अपवाद कळवण्यासाठी त्याच्या क्लासचे नाव आणि एक संदेश पाठवला जातो. घेणारी बाजू त्या नावाचा क्लास शोधून, एक स्ट्रिंग घेणारा त्याचा कन्स्ट्रक्टर बोलावून ऑब्जेक्ट घडवत असे. तो क्लास अपवादाचाच आहे का, ही तपासणी नव्हती.

हल्लेखोरांनी निवडलेला क्लास या लेखाच्या विषयाशी थेट निगडित आहे: स्प्रिंगचा 'क्लासपाथएक्सएमएलॲप्लिकेशनकॉन्टेक्स्ट'. याचा एक कन्स्ट्रक्टर एकच स्ट्रिंग घेतो, ती म्हणजे कॉन्फिगरेशन फाइलचा पत्ता, आणि तो पत्ता इंटरनेटवरचाही असू शकतो. त्या फाइलमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमची आज्ञा चालवणाऱ्या 'प्रोसेसबिल्डर'चे बीन नोंदवलेले असे. त्याच्या कन्स्ट्रक्टरला 'कन्स्ट्रक्टर-आर्ग'मधून आज्ञा दिलेली असे आणि सुरुवातीची मेथड म्हणून 'स्टार्ट' नेमलेली असे. कंटेनरने आपले नेहमीचे काम चोख बजावले आणि सर्व्हर परक्याच्या ताब्यात गेला. रॅन्समवेअर टोळ्यांनी या त्रुटीचा प्रत्यक्ष वापर केला. ५.१५.१६, ५.१६.७, ५.१७.६ आणि ५.१८.३ या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली. आलेला क्लास 'थ्रोएबल'चा वारस आहे का, हे आता आधी पाहिले जाते.

दोन्ही प्रकरणांत कंटेनरमध्ये दोष नव्हता. दोष होता तो अपेक्षित नाते न तपासता नावावर विश्वास ठेवण्यात. म्हणून नियम असा: क्लासचे नाव आपल्या नियंत्रणाबाहेरून येत असेल तर ते थेट क्लासमध्ये रूपांतरित करू नये. 'ऑर्डर' या लघुनामापुढे कोणता क्लास, अशी आपली मर्यादित यादी ठेवावी आणि यादीबाहेरचे नाव नाकारावे. नाव आपल्याच फाइलमधले असेल तरीही नात्याची तपासणी सोडू नये, कारण आजची अंतर्गत फाइल उद्या एखाद्या व्यवस्थापन-पानावरून बदलता येऊ शकते.

आधीच कंपाइल केलेल्या प्रणाली

अलीकडे स्ट्रिंगमधून येणाऱ्या टाइपांची आणखी एक अडचण पुढे आली आहे. ग्रालव्हीएमची नेटिव्ह इमेज बनवताना कोणते क्लास वापरात येणार हे आधीच निश्चित केले जाते आणि उरलेले वगळले जातात. केवळ कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नाव असलेला क्लास या विश्लेषणाला दिसत नाही, म्हणून तो प्रतिमेतून गळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ मध्ये 'रनटाइमहिंट्स'द्वारे अशा क्लासची पूर्वसूचना देता येते.

डॉट नेटमधील ट्रिमिंगचेही तेच. तेथे डॉट नेट ५ पासून 'डायनॅमिकलीॲक्सेस्डमेंबर्स' हे ॲट्रिब्यूट टाइप घेणाऱ्या पॅरामीटरवर लावता येते. या टाइपचे कन्स्ट्रक्टर वगळू नयेत, असे ते साधनाला सांगते. अर्थात कोडमध्ये थेट लिहिलेला 'टाइपऑफ(ऑर्डर)' साधनाला दिसतो. फाइलमधून वाचलेली स्ट्रिंग दिसत नाही. जुनी प्रणाली या नव्या वातावरणात नेताना स्ट्रिंगरूपातील सर्व क्लासनावांची सूची आधी करावी.

टाइप द्यावा की फॅक्टरी?

शेवटी एक मूलभूत प्रश्न. कन्स्ट्रक्टरला टाइप कशासाठी हवा आहे? मजकुराचे रूपांतर, डेटाबेसमधील तक्त्याशी जुळणी, लॉगचा वर्ग, नोंदवही, अशा कामांत टाइपची माहिती लागते. तेथे टाइप देणेच योग्य.

परंतु मिळालेल्या टाइपचे ऑब्जेक्ट आपणच घडवायचे, एवढ्यासाठी तो मागितला जात असेल, तर थांबून विचार करावा. असे घडवलेले ऑब्जेक्ट कंटेनरच्या देखरेखीबाहेर राहते. त्याचे सहकारी त्याला मिळत नाहीत, स्प्रिंगमधील व्यवहार-व्यवस्थापनाचे आवरण त्याच्याभोवती येत नाही आणि काम संपल्यावर ते बंद करण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. अशा ठिकाणी टाइपऐवजी फॅक्टरी मागावी: जावामध्ये 'प्रोव्हायडर' किंवा स्प्रिंगचा 'ऑब्जेक्टप्रोव्हायडर', डॉट नेटमध्ये ऑब्जेक्ट परत करणारे फंक्शन. टाइप फाइलमधूनच येणार असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर स्प्रिंगमध्ये 'ऑटोवायरकेपेबलबीनफॅक्टरी' आणि डॉट नेटमध्ये 'ॲक्टिव्हेटरयुटिलिटीज' कंटेनरच्या मदतीने ऑब्जेक्ट घडवून देतात. मात्र त्यांचा वापर एका लहान, वेगळ्या क्लासपुरता मर्यादित ठेवावा.

थोडक्यात

१. टाइप कोड लिहितानाच ठाऊक असेल तर तो कोडमध्येच लिहावा, स्ट्रिंगमध्ये नव्हे.

२. आपला कंटेनर दिलेल्या टाइपला पत्ता समजतो की मूल्य, हे आधी जाणून घ्यावे. युनिटीमध्ये वेष्टन, विंडसरमध्ये 'ऑनव्हॅल्यू', अँग्युलरमध्ये 'यूजव्हॅल्यू' आणि स्प्रिंग एक्सएमएलमध्ये 'व्हॅल्यू' वापरावे.

३. कन्स्ट्रक्टर अनेक असतील तर पॅरामीटरचा टाइप, क्रम किंवा नाव स्पष्ट सांगावे.

४. आलेला क्लास नल नाही आणि अपेक्षित मूळ क्लासचा वारस आहे, हे कन्स्ट्रक्टरमध्येच तपासावे, म्हणजे चूक प्रणाली सुरू होतानाच कळेल.

५. बाहेरून आलेल्या नावाला मर्यादित यादीची गाळणी लावावी.

६. टाइप केवळ ऑब्जेक्ट घडवण्यासाठी हवा असेल तर फॅक्टरी मागावी.

या सहांपैकी चौथ्या नियमाला लागणारे श्रम सर्वांत कमी आहेत, कन्स्ट्रक्टरमधील एक-दोन ओळींचे. वर सांगितलेल्या दोन्ही सुरक्षा-त्रुटी ज्या तपासणीने बुजवल्या गेल्या, ती हीच. आपल्या प्रणालीत 'क्लास' किंवा 'टाइप' घेणारे कन्स्ट्रक्टर कोठे कोठे आहेत हे शोधणे आणि प्रत्येकात ती तपासणी आहे का ते पाहणे, हे एका दुपारी उरकण्याजोगे काम आहे.